उन्हाळ्यात खणलेले खड्डे

ओढ्याचं कोरडं पात्र ओलांडून दोघं वर चढली आणि सरिताच्या चपलेचा पट्टा तुटला. भिका चार पावलं पुढे गेला होता. तो वळला, खांद्यावरची पहार खाली ठेवली, कमरेला खोचलेली सुतळी काढली आणि चप्पल बांधायला खाली बसला.

"राहू द्या बाबा, मी बांधते."

"तुझी गाठ मुरमावर टिकायची नाय."

त्याने गाठ मारली, ओढून बघितली, चप्पल तिच्या पुढ्यात ठेवली आणि पहार उचलून पुन्हा चालायला लागला. वाटेला लागल्यापासून तो बोलला ते एवढंच. अंगणवाडीच्या पायरीशी येऊन उभा राहिला होता तेव्हा मात्र जरा जास्त बोलला होता. "बाय, परवा सभा हाय. इहिरीची जागा ठरवतील. माझ्याकडं एक जागा हाय. तू डोळ्यांनी बघ, मग काय ते तू ठरव."

सरिता सागपाड्याची आशा कार्यकर्ती. माहेर समुद्रकाठचं, वरोरचं. लग्न होऊन तलासरीच्या या डोंगराळ बाजूला आली त्यालाही बरीच वर्षं झाली. पाड्यावर कोणाला दिवस गेलेत, कोणाच्या मुलाला ताप आहे, विहिरीत औषध टाकलं की नाही, हे सगळं तिच्याकडे. म्हणून विहिरीची गोष्ट निघाली तेव्हा तिला नाही म्हणता येईना. मंगळवार होता, तिचा उपास होता, ऊन तर सकाळीच तापलं होतं. तरी ती निघाली. विहीर पंचायतीने मंजूर केली होती. कुठे खणायची एवढंच राहिलं होतं, आणि पाड्यावर बहुतेकांनी ते मनात ठरवूनही टाकलं होतं. खालच्या अंगाला, शेतांच्या कडेला, रस्त्याजवळ. तिथे यंत्र येतं, टेम्पो येतो.

तिथेच काळी माती आहे, आणि काळी माती म्हटलं की सागपाड्यावर आता कोणी मोठ्याने बोलत नाही.

चढ लागला. दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या, मधून गुरांची वाट. वरून हाल्या उतरत होता, खांद्याच्या काठीला ताडीचा डबा लटकवलेला. हाल्या पाड्याचा पंच. तोंडाने फटकळ, पण मनाने वाईट म्हणता येणार नाही असा माणूस. दोघांना एकत्र बघून तो थांबला. भिकाकडे न बघता सरिताला म्हणाला, "ताई, भर उन्हात कुठं? म्हाताऱ्यासंगं कंद काढायला?"

"जरा वर जाऊन येते."

"वर काय हाय? दगूड." मग नजर भिकाच्या पहारेवर गेली. "का भिकाबा, मिळाला का कंद? दोन वर्षं उकरतोस. आता तर डोंगरच संपायचा."

भिका वाटेच्या कडेला सरकून उभा राहिला, हाल्याला वाट करून देत. हाल्या दोन पावलं खाली गेला आणि थांबला. आवाज उतरवून म्हणाला, "ताई, सभेत लवकर ये. इहीर खाली रोडावर घ्यायची ठरलंय. यंत्र वर चढत नाय. आणि हे बघ, याच्या तोंडून आलेली जागा आम्हाला नको. राग नको धरू."

हे त्याने भिकाला ऐकू जाईल इतपत हळू सांगितलं.

भिकाने ऐकलं आणि पुढे चालायला लागला. सरिता त्याच्या मागून चालत राहिली. हाल्याचा धाकटा मुलगा साथीच्या वर्षी कावीळ होऊन आठ दिवस अंथरुणात होता. वाचला. सगळेच वाचले नाहीत.

भिका तरुण होता तेव्हा त्याला कोणी हसत नव्हतं. लग्नाआधीच तो डहाणूकडच्या चिकूवाड्यांत कामाला गेला होता. खड्डे खणायला. चिकूच्या कलमाचा खड्डा, नारळाचा खड्डा, बांधाच्या खांबाचा खड्डा, नंतर विहिरी आणि शेठच्या बंगल्यांचे शोषखड्डे. आगर, वरोर, चिंचणी, जिथे काम तिथे भिका. सरिताच्या लहानपणी त्यांच्या आळीत विहिरीचा गाळ काढायला डोंगराकडची माणसं यायची; त्यात हा असेलही, तिला आठवत नाही. पण तिकडची जमीन तिला आठवते. सगळी रेती. पावसातसुद्धा अंगणात पाणी उभं राहायचं नाही. घर बांधताना पाया रुंद घ्यायचा आणि शौचालयाची टाकी खालून बंद करायची, नाहीतर शेजारच्या विहिरीला वास यायचा, एवढं आळीतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. बाकी खड्डा कुठेही खणा, पाणी ओता, तो पिऊन टाकायचा.

भिकाचं सगळं शिक्षण त्या रेतीत झालं. वडिलांकडून त्याला आणखी एक गोष्ट मिळाली होती. जागा बघायची ती अशी: आधी चार दाणे तांदूळ ठेवून धरतरीला हात जोडायचे. मग गुडघाभर खड्डा खणायचा आणि निघालेली माती त्याच खड्ड्यात परत भरायची. माती उरली तर जमीन भरीव, घर बांधा, खड्डा खणा. माती कमी पडली तर जमीन पोकळ, तिथून उठा. त्याला भिकाने समुद्रकाठची परीक्षा जोडली. खड्ड्यात कळशीभर पाणी ओतायचं आणि ते किती वेळात जिरतं ते बघायचं. या दोन परीक्षांवर त्याने आयुष्यभर भाकरी खाल्ली. वाडीवाले शेठसुद्धा म्हणायचे, "भिकानो खाडो एटले भिकानो." भिकाचा खड्डा म्हणजे भिकाचाच, त्याला तोड नाही.

वडील गेले तेव्हा तो पाड्यावर परत आला. येताना चिकूचं एक कलम घेऊन आला. डहाणूचा चिकू आपल्या दारात लावायची त्याला फार हौस. घराच्या मागे, काळ्या मातीत, त्याने ते लावलं. उन्हाळ्यात कलमाने पालवी धरली, पावसाळ्यात पानं पिवळी पडली आणि दिवाळीआधी ते वाळून गेलं. उपटलं तर मुळं काळी, कुजलेली. बुधीबाई, त्याची बायको, तेव्हा म्हणाली होती, "पाय भिजून मेलं बिचारं." भिका म्हणाला, "कलमच खराब होतं."

ही गोष्ट पुढे बुधीबाईनेच सरिताला सांगितली. हसत सांगितली आणि शेवटी हसणं विसरली.

बुधीबाईची झोपडी वाटेवरच होती, चढाच्या मध्यावर. सरिता आणि भिका तिथे पोचले तेव्हा ती कुडाच्या भिंतीला शेणमातीचा हात देत होती. खाली पाड्यावर त्यांचं सिमेंटचं घरकुल आहे. योजनेतून मिळालेलं, निळा रंग दिलेलं. पण दोघं तिथे राहत नाहीत.

"बाय, ये. बस." बुधीबाईने हात धुतले. "हा तुझ्याशी बोलला का?"

"थोडंसं."

"मग तू नशीबवान. माझ्याशी 'मीठ दे' नि 'पाणी दे' एवढंच बोलतो. मीच भिंतीशी बोलते. भिंत ऐकते तरी."

भिका बाहेर पहार टेकवून उभाच राहिला. आत आला नाही. बुधीबाईने सरिताला लोटीभर पाणी दिलं. उपास आहे म्हटल्यावर गुळाचा खडा दिला. गूळ चालतो ना, असं विचारून दिला.

"घरकुलाला या वर्षी कुलूपच का?" सरिताने विचारलं.

"कुलूप कशाला, दार लागतंय कुठं? पावसात फुगून घट्ट बसतं, उन्हात फट पडते, मांजर आत जातं." बुधीबाई हाताने दाखवत होती. "जमीन मधे वर आलीय. अशी, भाकरी फुगते तशी. कोपरे खाली गेलेत. भिंतीला एवढी भेग. साहेब आले होते, म्हणाले भूकंपाची भेग. भूकंप झाला खरा, रात्री सगळे बाहेर झोपलो होतो. पण मी म्हटलं, साहेब, भूकंप दर पावसात येतो का? हसले नि गेले."

"काळ्या मातीवर बांधलंय ना."

"रोड तिथं होता. इटा डोक्यावर वर कोण आणणार? मी?" ती जरा थांबली. "पण घरासाठी नाय सोडलं, बाय. भेगा काय, लिंपून घेतल्या असत्या."

कशासाठी सोडलं ते सरिताला माहीत होतं. पाड्यावर सगळ्यांना माहीत आहे.

पाड्यावर शौचालयांची योजना आली त्या वर्षीचा उन्हाळा भिकाचा होता. प्रत्येक घराला एक शौचालय आणि मागे शोषखड्डा. पाऊस लागायच्या आत पुरं करायचं होतं. खड्डा भिकाशिवाय कोण खणणार? सकाळी एका घरी, दुपारी दुसऱ्या घरी. बायका त्याला चहा देत, माणसं त्याच्या हाताखाली राबत. तो प्रत्येक ठिकाणी आधी तांदूळ ठेवायचा, हात जोडायचा, मग परीक्षा घ्यायचा. वरच्या अंगाला मुरूम होता; तिथे पहार उडायची आणि ओतलेलं पाणी हळूहळू खाली जायचं. "ही जमीन आळशी हाय," असं भिका म्हणाला. खालच्या अंगाला, घरांच्या मागच्या दारांना लागून, काळी माती. चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. पहार मारली की मोठमोठी ढेकळं निघायची. ती परत खड्ड्यात टाकली की ढीग वर उरायचाच. आणि पाणी ओतलं की कळशी रिकामी व्हायच्या आत गायब. भिका पोरासारखा खूश झाला होता. सगळ्यांना बोलावून दाखवत होता, "बघा, कशी पिते."

ढेकळं नीट बसत नाहीत म्हणून माती उरत होती, आणि पाणी मातीत जिरत नव्हतं, भेगांतून खाली पळत होतं. हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याच्या वडिलांच्याही आलं नसतं. परीक्षा नेहमी उन्हाळ्यातच घेतली जायची, कारण पावसात कोण खड्डा खणतो?

पाऊस लागला तशी काळी माती फुगली. भेगा मिटल्या. खड्डे मडक्यासारखे झाले. आत गेलेलं बाहेर जाईना. पहिल्या वर्षी पाऊस बेताचा होता, म्हणून नुसता वास आला. लोक विचारायला आले तर भिका म्हणाला, "नवी माती हाय, बसायची हाय. एक पाऊस जाऊ दे."

त्याच वर्षी त्याची सून शितल लग्न होऊन आली. संदीपची बायको. गोजिरी, हसरी, सतत काहीतरी लावणारी पोर. माहेराहून बियांच्या पुड्या घेऊन आली होती. घरकुलाच्या मागे तिने वाल लावला, मिरची लावली, आणि शोषखड्ड्याच्या कडेला दुधीचा वेल. मिरची खुरटली. दुधी मात्र असा चढला की शौचालयाचं छप्पर झाकून गेलं. एकेक दुधी हाताएवढा. शितल घरोघर वाटायची. "बाबांनी खणलेल्या खड्ड्याचा गुण," असं म्हणायची, आणि भिकाला ते फार आवडायचं. सरिताच्या घरीही एक दुधी आला होता. कोवळा, दुधासारखा. सगळ्यांनी कौतुकाने खाल्ला.

पुढच्या पावसाळ्यात शितलला दिवस गेलेले होते. त्या वर्षी पाऊस पंधरा-पंधरा दिवस थांबला नाही. खड्डे भरले, तोंडाशी आले आणि वाहायला लागले. उतार विहिरीकडे होता. विहिरीचा कठडा एका बाजूने कधीचा ढासळलेला. श्रावणात पाड्यावर पहिलं माणूस पिवळं पडलं, मग घरटी एक. सरिता दारोदार पाणी उकळा म्हणून सांगत फिरली, विहिरीत औषध टाकत राहिली. बहुतेक लोक महिन्याभरात उठले. गरोदर बाईला ही कावीळ वेगळी लागते. शितलला ती तशी लागली.

दवाखान्याच्या गाडीत सरिताच तिच्या शेजारी बसली होती. पोरीचे डोळे हळदीसारखे झाले होते. मोठ्या दवाखान्यापर्यंत रस्ता लांब. वाटेत ती म्हणाली, "दुधीचं बी वाळवून ठेवलंय ताई. आईंना सांगा, कौलाखाली हाय." तेवढं शुद्धीत बोलली. नंतरचं काही समजण्यासारखं नव्हतं. सरिताने वाटेभर महालक्ष्मीचं नाव घेतलं. देवीची मर्जी वेगळी होती. का होती, हे विचारायचं धाडस सरिताने अजून केलेलं नाही.

क्रियाकर्म झाल्यावर संदीप बापासमोर येऊन बसला. रडला नाही, ओरडला नाही. एवढंच विचारलं, "बा, तू पाणी ओतून बघितलं होतंस ना?"

भिका म्हणाला, "बघितलं होतं."

संदीप उठला आणि गेला. हायवेवर, अच्छाडच्या नाक्याजवळ एका धाब्यावर तो ट्रक धुतो. तिथेच राहतो. आईला निरोप पाठवतो, कधी साबण, कधी चादर. पाड्यावर आलेला नाही.

लोकांनी भिकाला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बुधीबाई म्हणते. कोणी काही बोललं नाही. नुसतं बोलावणं बंद झालं. लग्नाच्या मांडवाचे खांब रोवायला दरवेळी भिकाला बोलावत. त्या माघात हाल्याने स्वतः खांब रोवले, वाकडे रोवले, पण त्याला बोलावलं नाही. लोकांनी आपापले खड्डे दगडांनी बुजवले आणि पुन्हा पहाटे माळावर जायला लागले. पाणी आता पल्याडच्या पाड्यावरून येतं. बायकांचा अर्धा दिवस त्यातच जातो. म्हणून तर नवी विहीर.

"ते बी अजून आहे का?" सरिताने उठता उठता विचारलं. का विचारलं ते तिलाही कळलं नाही.

बुधीबाईने मान वर केली. आढ्याला फडक्याची पुरचुंडी लटकत होती, धुराने काळी झालेली. "पेरवत नाय. फेकवत पण नाय. उंदरांनी खाल्लं तर सुटेन मी." मग दाराकडे बघून आवाज चढवला, "जा आता, उभा राहून मुळं फुटतील तुला. बाईला लवकर खाली आण, उपाशी हाय ती."

भिका आधीच चालायला लागला होता.

झोपडीच्या वर वाट संपली. पायाखाली पिवळट तांबडी, करकर वाजणारी जमीन लागली. सरिता दोनदा घसरली. भिकाने हात दिला नाही, पण पहार आडवी करून पुढे धरली आणि ती तिला धरून चढली. वर एक सपाट तुकडा होता, ऐनाची दोन झाडं, आणि त्यांच्या मधे फांद्यांचा ढीग. लांबून बघितलं तर कोणालाही सरपण वाटलं असतं.

भिकाने एकेक फांदी बाजूला केली.

खाली खड्डा होता. माणूस छातीपर्यंत आत जाईल एवढा, कडा सरळ, चाकूने कापल्यासारख्या. वर वीतभर तांबडी माती. खाली पिवळा मुरूम. त्याच्या खाली ओल्या गुळासारखा ठिसूळ दगड. आणि तळाशी पाणी. चैत्र संपत आला होता, ओढा महिन्यापूर्वीच आटला होता, आणि इथे ढोपरभर पाणी होतं. तळाचे खडे मोजावेत इतकं स्वच्छ.

सरिता कडेला बसली. तिने नकळत हात जोडले.

"हे कंद," भिका म्हणाला. आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी येऊन गेलं.

मग तो बोलला. दोन वर्षांचं साठलेलं तुटक तुटक बाहेर येत होतं. "मी पाऊसभर इथं बसलो, बाय. इरलं घेऊन. म्हटलं, आता पावसात विचारतो. पाऊस पडला, पाणी आलं, पण भरून राहिलं नाय, थोडं थोडं उतरलं. ही आळशी जमीन. हिला मी आळशी म्हटलं होतं. ती गाळून घेते, हळू. ती काळी माती..." त्याने खालच्या पाड्याकडे हात केला आणि वाक्य सोडून दिलं. "दोन पाऊस, दोन उन्हाळे बघितले. तळाचं पाणी आटत नाय. आणि इथनं वर घर नाय, खड्डा नाय, काय नाय. घाण वर चढत नाय. पोटऱ्या दुखतील बायकांच्या, दुखू दे. खालचं पाणी नको."

"बाबा, यंत्र इथे येणार नाही. हाल्या म्हणतो ते खरंय."

"हातानं होईल. मुरूम हाय, काळा पत्थर नाय. पाड्याची माणसं लागली तर होईल."

सरिता पाण्याकडे बघत होती. सभेत काय होईल ते तिला दिसत होतं. सगळे रस्त्याकडची जागा म्हणतील. ती उभी राहून वरची जागा म्हणेल. कोणी विचारेल, वर पाणी आहे हे तुला कोणी सांगितलं? आणि भिकाचं नाव निघालं की सभा तिथेच उठेल. हाल्या उठवेल. त्याचा काय दोष? पोराचे पिवळे डोळे त्याने बघितले आहेत. विहीर खाली काळ्या मातीत, रस्त्याच्या कडेला जाईल, आणि एखाद्या जोराच्या पावसाळ्यात पुन्हा कोणीतरी गाडीत तिच्या शेजारी बसेल. आत्ता पाड्यावर दोन पोरी गरोदर आहेत. वर्षाला सहावा महिना आहे. बारकीला तिसरा.

"पाणी तपासायला पाठवते," ती म्हणाली. पिशवीतून बाटली काढली. भिका खड्ड्यात उतरला, सावकाश, कडेला पाय लावत. गुडघ्याची हाडं वाजलेली सरिताला ऐकू आली. बाटली भरून त्याने वर दिली. मग ओंजळ भरली, आणि सरिताला वाटलं आता तो पिईल, विहीर खणणारा पहिलं पाणी पितो तसं. त्याने ओंजळ तोंडाशी नेली आणि परत पाण्यात सोडून दिली.

"पीत नाही तुम्ही?"

"मी नाय प्यायचो."

"दोन वर्षांत कधीच नाही?"

त्याने मान हलवली. वर यायला त्याला वेळ लागला. सरिताने हात पुढे केला. यावेळी त्याने धरला. हात मुरमासारखाच कोरडा, खरखरीत. वर येऊन तो ऐनाच्या बुंध्याशी टेकला, श्वास जमवत. खाली सागपाड्याची निळी घरकुलं उन्हात चमकत होती. इथून सगळी सरळ उभी दिसत होती.

"सभेत सांगीन," सरिता म्हणाली. "जागा भिकाबाबांनी शोधली, दोन वर्षं राबून शोधली. लोकांना कळायला पाहिजे."

"नको."

"का नको? खोटं का बोलायचं? मी सभेत खोटं बोलणार नाही बाबा, आणि आज देवीच्या वारी तसं कबूल तर नाहीच करणार."

"खोटं कुठं हाय? तू बघितलीस ना जागा? पाणी बघितलंस? मग तसंच सांग. मी बघितली म्हण." तो फांद्या पुन्हा खड्ड्यावर रचायला लागला होता, एकेक, काळजीने, जणू आत कोणी झोपलं आहे. शेवटची फांदी हातात धरून तो थांबला. तिच्याकडे बघितलं नाही. खाली, घरांकडे बघत म्हणाला,

"लोक पाणी पितील ते इहिरीचं पितील. माझ्या हातचं नाय पिणार, आणि मी तसं म्हणणार पण नाय. तू एवढं कर, बाय. हाल्या विचारेल, साहेब विचारतील, उद्या संदीप आला तर तोही विचारेल. मी असेस्तोवर माझं नाव काढू नको. मग काय सांगायचं ते सांग."